पाऊणकी

शाळा साडेदहाला भरते, म्हणून मी आठलाच पोचलो.
रिकाम्या खोल्या मोजायच्या होत्या,
बाकं, पत्रे, एक लोखंडी कपाट,
समायोजनाच्या प्रपत्रात रकाने असतात त्या क्रमाने.
पट सतरा. वीसच्या आत.
खारतळीची शाळा कागदावर बंद झालीच होती,
कुलूप कुणी लावायचं एवढंच उरलं होतं.

बांधावरून गाडी जात नाही.
बूट हातात, फाईल डोक्यावर, तळव्यांना कालवं टोचत
अर्ध्यावर आलो, तर बेटावरून आवाज:
चार पाऊणे तीन,
पाच पाऊणे पावणेचार.
हा पाढा नोकरीच्या तीस वर्षांत
मी कुठल्याच वर्गात ऐकला नव्हता.

सतराच्या सतरा हजर.
गित्ते बाई फळ्यापाशी, हातात पंचांग.
बाई उदगीरकडच्या. बदलीचा अर्ज दरवर्षी भरायच्या,
यंदा भरला नाही. का, ते सांगत नाहीत.

मी हजेरीपट मागितला. त्यांनी आधी जुना दिला.
होडेकर, होडेकर, सोलकर, खवणेकर,
बांधाअलीकडच्या वाडीतली नऊ नावं
एकदम गळायची चार दिवस,
मग दहा-अकरा दिवस हजर, मग पुन्हा लाल शाईतले चार.
खाली माझी सही.
शेरा: ‘पालकांमध्ये शिक्षणाविषयी अनास्था.’
तीन वर्षं तोच शेरा, तेच वळणदार अक्षर.

“मलाही तसंच वाटायचं, सर,” बाई म्हणाल्या.
“आमच्याकडं पाणी टँकरनं येतं, त्याला कुठली आलीय वेळ.
एकदा रागानं गेले पालकांना जाब विचारायला
आणि अडकले तिकडंच. मागं बांध बुडाला.”
हसनमियाँ होडेकर, चौथी नापास,
पडवीत जाळं सांधत होते. वर न बघता म्हणाले,
“तिथीची पाऊणकी करा बाय, भरती गावते.”

चतुर्दशी. चौदा पाऊणे साडेदहा.
म्हणजे बरोबर आमची घंटा,
आणि वर उधाण.

बाईंनी कुणाला विचारलं नाही.
म्हणजे विचारलं होतं. तीन पत्रं, ‘शाळेच्या वेळेबाबत’,
माझ्याच टेबलावरून न वाचता पुढे गेलेली.
मग सभा झाली, सह्या झाल्या, दोन अंगठे,
अध्यक्ष रेहाना सोलकर म्हणाली,
मासळी घेऊन निघायच्या आधी पोरं बांधापार करते, फुडचं तुमी बघा.
उधाणाच्या दिवसांत शाळा सातला भरू लागली.
ॲप सातची हजेरी घेत नाही.
बाई ती साडेदहाला पुन्हा भरतात.
खोटी म्हणा, खरी म्हणा.

मी नोटीस द्यायला हवी होती.
पेन काढलंसुद्धा.
“सर, निघायचं तर आत्ता.”
खिडकीतून पाहिलं. बांध नव्हता.

मग मी शेवटच्या बाकावर, गुडघे हनुवटीला.
तिसरीतल्या तनुजाने विचारलं, “तुम्हाला येते पाऊणकी?”
दहापर्यंत आली.
“अकरा पाऊणे सव्वाआठ,” ती म्हणाली,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी आजवर नापासांकडे पाहत आलो.

खिचडी झाली. पोरं पायरीवर बसून राहिली पाणी उतरायची वाट बघत,
मी प्रपत्र घेऊन त्यांच्यात.
खोल्या दोन. पत्रे मोजले नाहीत.
शेऱ्यात लिहिलं, ‘पंचांग, प्रत्येक शाळेस नग एक’,
मग खोडलं. प्रत्येक शाळेपाशी समुद्र नाही,
तिथे काय आडवं येतं ते मला अजून माहीत नाही.
नुसतं लिहिलं: ‘भेट सकाळी आठ. शाळा भरलेली.’
आणि तारखेच्या जागी, हाताला सवय नसताना,
मार्गशीर्ष शुद्ध चतुर्दशी.

वर हे कोण वाचेल, कुणास ठाऊक.
मी तरी कुठे वाचत होतो.

एकला बांध दिसू लागला, घोट्याएवढ्या पाण्याखाली.
नऊ पोरं पुढे. मागे मी, बूट हातात.
कुठे पाय द्यायचा, ते त्यांच्याकडे बघून.